जंतूंची पकड: डांग्या खोकला, न्यूमोनिया आणि श्वासमार्गाच्या संसर्गांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्वासाबरोबर रोज इतके जंतू आत जातात, तरी आपण रोज आजारी का पडत नाही?

आत गेलेल्या जंतूंपैकी बहुतेकांना तिथे थांबताच येत नाही, म्हणून. मोठा माणूस दिवसाला साधारण 10 ते 12 हजार लिटर हवा आत घेतो. तिच्यात धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू असायचेच. नाकातले केस आणि नाकाच्या आतली वळणं मोठे कण अडवतात. पुढे श्वासनलिकेला आतून चिकट द्रवाचा, म्हणजे म्यूकसचा, पातळ थर असतो. त्याच्याखालच्या पेशींवर सूक्ष्म केस असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना पक्ष्माभिका म्हणतात, डॉक्टर सिलिया म्हणतात. एका पेशीवर असे सुमारे 200 केस, प्रत्येकाची लांबी 6-7 मायक्रोमीटर. सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते एका लयीत घशाच्या दिशेने हलतात आणि वरचा चिकट थर सरकत्या पट्ट्यासारखा मिनिटाला काही मिलिमीटर वर येत राहतो. त्यात अडकलेला जंतू घशाशी पोचतो, आपण तो नकळत गिळतो, आणि पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं.

शिवाय हा द्रव नुसता चिकट नाही. त्यात जिवाणूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंगने 1922 मध्ये ते जगापुढे मांडलं ते सर्दी झालेल्या नाकातल्या शेंबडावरून. पेनिसिलिन त्याला सापडलं त्यानंतर सहा वर्षांनी. शेंबडाला नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

काही जणांच्या सिलिया जन्मतःच नीट हलत नाहीत. अशा मुलांना अगदी लहानपणापासून सतत सर्दी, कानाचे संसर्ग, छातीत कफ असं चालू राहतं. (यांतल्या जवळपास निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं. गर्भात अवयव कोणत्या बाजूला जायचे हेही सिलियाच ठरवतात.) हा पट्टा थांबला की काय होतं, ते या मुलांकडे पाहून कळतं.

थोडक्यात, जंतूला आजार करायचा असेल तर वाहून जायच्या आधी कशाला तरी धरून राहावं लागतं. खालचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीपाशी येऊन पोचतात.

चिकटणं म्हणजे नेमकं काय होतं?

जिवाणूचा पृष्ठभाग आणि आपल्या पेशीचा पृष्ठभाग, दोन्हींवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे अगदी जवळ आल्यावर दोघं एकमेकांना दूर ढकलतात. ही अडचण ओलांडण्यासाठी अनेक जिवाणूंच्या अंगावर प्रथिनांचे लांब, बारीक तंतू असतात. 1955 मध्ये जे. पी. डगुइड आणि सहकाऱ्यांनी त्यांना फिंब्रिया हे नाव दिलं. पिलाय हे नावही तितकंच चालतं. जिवाणू जरा लांबच राहतो, तंतू मात्र पेशीपर्यंत पोचतो. तंतूवरचं किंवा जिवाणूच्या पृष्ठभागावरचं जे प्रथिन प्रत्यक्ष पकड घेतं ते अ‍ॅडहेसिन, आणि पेशीवरच्या ज्या रेणूला ते धरतं तो रिसेप्टर.

हे रिसेप्टर जंतूंच्या सोयीसाठी बनलेले नाहीत. पेशींनी एकमेकींशी बोलावं, द्रव धरून ठेवावा, रसायनांचे निरोप घ्यावेत, यासाठी ते तिथे असतात. बरेचसे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या बाहेर लोंबणाऱ्या साखरेच्या साखळ्या. 1977 मध्ये इस्रायलमधल्या इत्झाक ओफेक, डेव्हिड मिरेलमन आणि नेथन शेरॉन यांनी दाखवलं की ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या पेशींवर मॅनोज नावाच्या साखरेला धरून चिकटतो. भोवतालच्या द्रवात मॅनोज मिसळलं की तो त्यालाच धरून बसतो आणि पेशी मोकळी राहते. जंतू न मारता त्याची पकड चुकवता येते, हा विचार तेव्हापासून संशोधकांच्या डोक्यात आहे.

पहिली पकड सैल असते, सुटूही शकते. मग दुसरं अ‍ॅडहेसिन लागतं, तिसरं लागतं, आणि जंतू पक्का बसतो. बहुतेक रोगजंतूंकडे अशी तीन-चार साधनं तरी असतातच. एक निकामी केलं तर दुसऱ्यावर भागतं. लशींच्या प्रश्नात ही गोष्ट पुन्हा येणार आहे.

आमच्या कुत्र्याला खोकला झालाय. मुलांना लागेल का?

सहसा नाही. कुत्र्यांच्या त्या खोकल्यामागे बऱ्याचदा बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका असतो. डांग्या खोकल्याचा बोर्डेटेला पर्ट्युसिस त्याचाच जवळचा नातेवाईक, पण तो फक्त माणसात राहतो. प्राण्यांत नाही, मातीत नाही, पाण्यात नाही. कोणत्या जंतूला कोणाच्या अंगात थारा मिळणार हे बऱ्याच अंशी अ‍ॅडहेसिन आणि रिसेप्टर जुळतात की नाही यावर ठरतं. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली आहे, उदाहरणार्थ अवयव प्रत्यारोपण झालेले लोक, त्यांनी मात्र खोकणाऱ्या कुत्र्यापासून जरा लांब राहावं.

डांग्या खोकल्याचा जंतू आत जाऊन करतो काय?

या विषयात मला सर्वांत रोचक वाटतो तो हाच जंतू, कारण तो चक्क त्या हलणाऱ्या केसांनाच धरतो. जे त्याला बाहेर काढण्यासाठी आहेत, त्यांनाच.

ज्यूल बोर्दे आणि ऑक्टाव्ह जांगू यांनी 1906 मध्ये ब्रुसेल्समध्ये त्याला प्रयोगशाळेत वाढवलं. तो नखरेल आहे. जंतू वाढवायच्या साध्या माध्यमावर येत नाही. या दोघांनी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून त्याच्यासाठी वेगळं माध्यम बनवलं, आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

त्याचं मुख्य अ‍ॅडहेसिन म्हणजे फिलामेंटस हिमॅग्लुटिनिन, थोडक्यात एफएचए. हे दोरीसारखं लांब प्रथिन आहे. जोडीला फिंब्रिया आणि पर्टॅक्टिन नावाचं आणखी एक प्रथिन. पर्ट्युसिस टॉक्सिन हे विषसुद्धा पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांना धरूनच आत शिरतं. ही सगळी सामग्री तो सतत तयार ठेवत नाही. बीव्हीजी नावाची त्याची जनुकीय यंत्रणा आहे. शरीराच्या 37 अंश तापमानाला ती चालू असते, 25 अंशांच्या आसपास थंडावते.

सिलियांना धरून बसल्यावर तो फार खोल जात नाही. रक्तात शिरणं, अवयवांत पसरणं हा त्याचा स्वभाव नाही. तो वरच राहतो आणि विषं सोडतो. त्यांतलं ट्रॅकियल सायटोटॉक्सिन म्हणजे त्याच्या स्वतःच्याच भिंतीचा एक तुकडा. वाढताना भिंतीचे असे तुकडे प्रत्येक जिवाणूच्या होतात, पण बहुतेक जण ते परत आत घेऊन वापरतात. हा मात्र बाहेर टाकतो. त्या तुकड्यामुळे सिलिया असलेल्या पेशी, आणि नेमक्या त्याच, मरून गळून पडतात. मग त्या भागातला पट्टा बंद. कफ साचतो आणि तो वर काढायला खोकल्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. एकामागून एक खोकल्याची उबळ येते, श्वास घ्यायला सवड मिळत नाही, आणि शेवटी अरुंद झालेल्या स्वरयंत्रातून हवा जोरात आत ओढली जाते. तोच तो 'हूप' आवाज. उबळीनंतर उलटी होणं अगदी नेहमीचं.

पर्ट्युसिस टॉक्सिन वेगळाच घोळ घालतं. पांढऱ्या पेशींना रक्तातून बाहेर पडून संसर्गाच्या जागी जाता येत नाही, त्यामुळे त्या रक्तातच साचतात. डांग्या खोकल्याच्या बाळाच्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) भरमसाट वाढलेले दिसतात ते यामुळे. ही संख्या फार वाढली तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो, आणि तान्ह्या बाळाच्या जिवाला खरा धोका असतो तो तिथे.

औषध पूर्ण झालं, तपासणीत जंतूही नाही, मग खोकला अजून का?

कारण जंतू गेला तरी पट्टा अजून दुरुस्त व्हायचाय. सिलिया असलेल्या नव्या पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. त्या काळात साधी सर्दी झाली तरी उबळ परत येते आणि घरच्यांना वाटतं, आजार उलटला. चीनमध्ये याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात ते अतिशयोक्ती म्हणून नव्हे.

अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं औषध पहिल्या एक-दोन आठवड्यांत, म्हणजे आजार अजून साध्या सर्दीसारखा दिसतोय तेव्हा सुरू झालं, तर त्रास कमी होतो. उबळी सुरू झाल्यावर दिलं तर खोकल्यात फारसा फरक पडत नाही, पण इतरांना लागण होणं थांबतं. तेव्हाही ते घ्यायचं ते या दुसऱ्या कारणासाठी. इथे डॉक्टर बदलत फिरण्याने काही साधत नाही. प्रत्येक नवा डॉक्टर नवं अँटिबायोटिक लिहून देतो, आणि सिलिया काही औषधाने उगवत नाहीत.

तान्ह्या बाळाला तो 'हूप' आवाज येतो का?

बऱ्याचदा येत नाही. तितक्या जोराने हवा आत ओढण्याची ताकदच त्याच्यात नसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात डांग्या खोकला वेगळाच दिसतो: दूध पिताना ठसका, ओठ निळसर होणं, आणि सर्वांत घातक म्हणजे काही सेकंद श्वासच थांबणं. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल आणि बाळाला असं काही झालं, तर 'कफ झालाय, जायफळ उगाळून देऊ' म्हणत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना.

बाळाला हा आजार देणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते. आई, वडील, आजोबा, शाळेत जाणारं थोरलं भावंड. मोठ्यांमध्ये तो फक्त रेंगाळलेला खोकला म्हणून दिसतो, कोणाला संशयही येत नाही.

लस असताना डांग्या खोकला अजून कसा आहे? 'न दुखणारी' लस चांगली की सरकारी?

लस आधी कशी आली ते सांगतो, कारण त्या कामाची आठवण फार कमी लोकांना आहे. 1930च्या दशकात, ऐन मंदीत, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत काम करत होत्या. दिवसभराचं काम संपल्यावर त्या आजारी मुलांच्या घरी जात, माध्यमाची थाळी मुलाच्या तोंडासमोर धरत आणि त्यावर त्याला खोकायला सांगत. असे जमवलेले जंतू वाढवून, मारून त्यांनी परिणामकारक लस बनवली आणि काटेकोर चाचणीने ती सिद्ध केली. जगभर दिल्या गेलेल्या डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) या लशीतला 'पी', म्हणजे पर्ट्युसिस, या वाटेने आला.

मेलेला अख्खा जंतू असलेल्या या लशीने ताप येतो, मांडी सुजते. जपानमध्ये 1975 मध्ये लस दिल्यानंतर दोन मुलं दगावली म्हणून लसीकरण थांबवलं गेलं. लस घेणं घसरलं आणि 1979 मध्ये तिथे सुमारे 13,000 रुग्ण आणि 41 मृत्यू झाले. त्याच काळात युजी सातो यांनी अख्ख्या जंतूऐवजी त्याची निवडक प्रथिनं वापरून लस बनवली, आणि 1981 पासून जपानने ती सुरू केली. आपल्याकडे खासगी दवाखान्यात 'पेनलेस' म्हणून मिळते ती याच जातीची. तिच्यात पर्ट्युसिस टॉक्सिन आणि बहुतेकदा एफएचए व पर्टॅक्टिन असतात, काहींत फिंब्रियाही. म्हणजे विषाबरोबर पकडीवरही रोख.

कल्पना उत्तम, पण दोन अडचणी निघाल्या. एक, या लशीचं संरक्षण लवकर ओसरतं. दोन, ती आजार रोखते पण जंतूला घशात बसण्यापासून तितकं रोखत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेतल्या संशोधकांनी बबून माकडांवर हे दाखवलं: लस घेतलेली माकडं आजारी पडली नाहीत, पण जंतू त्यांच्या घशात आठवडेच्या आठवडे राहिला आणि सोबत ठेवलेल्या, लस न घेतलेल्या माकडांकडे गेलाही. दरम्यान ज्या देशांत हीच लस चालते तिथे पर्टॅक्टिन बनवणंच सोडून दिलेले जंतू वाढत गेले. अमेरिकेत तर बहुतांश तसेच. पर्टॅक्टिनविना त्याचं चालतं, कारण बाकीची पकड शाबूत आहे.

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या तीन डोसांसाठी सरकारी पेंटाव्हॅलंट, म्हणजे अख्ख्या जंतूची लस, चांगली. ती 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळते, मग 16 ते 24 महिन्यांत आणि 5-6 वर्षांचं असताना डीपीटीचा बुस्टर. दोन दिवसांचा ताप सोसण्यासारखा आहे. बुस्टर चुकवू नका. शाळेत घातल्यावरचा दुसरा बुस्टर सर्वांत जास्त विसरला जातो.

गरोदरपणात लस घेतली तर बाळाला उपयोग होतो?

होतो. सातव्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची मोठ्यांची लस) घेतली तर आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि पहिल्या डोसापर्यंतचे आठवडे त्याला सांभाळतात. ब्रिटनमध्ये 2012 पासून ही सोय आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात गर्भवतीला टीडी मिळते. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही. टीडॅप घ्यायची असेल तर खासगीत, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून.

न्यूमोनियाचा जंतू म्हणे पुष्कळ निरोगी मुलांच्या नाकात असतो. मग सगळ्यांना न्यूमोनिया का होत नाही?

नाकात असणं आणि फुप्फुसात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही म्हणता तो जंतू, न्यूमोकोकस, मुलांच्या नाकामागच्या भागात आठवडे, कधी महिने गुपचूप राहतो. एक जातो, दुसरा येतो. या जंतूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, आणि ते ओळखायचे त्याच्या बाहेरच्या आवरणावरून.

या आवरणामुळे तो पेचात असतो. आवरण जाड असेल तर तो चिकट द्रवात अडकत नाही, आणि रक्तात गेला तर पांढऱ्या पेशींना गिळता येत नाही. पण जाड आवरणाखाली त्याची अ‍ॅडहेसिन झाकली जातात आणि पेशीला धरता येत नाही. म्हणून तो रूप बदलतो. 1990च्या दशकात जेफ्री वायझर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की याच्या काही वसाहती पारदर्शक दिसतात, काही अपारदर्शक. पारदर्शक रूपात आवरण विरळ, पृष्ठभागावर फॉस्फोरिलकोलीन नावाचा रेणू जास्त. हे नाकात टिकतात. अपारदर्शक रूप रक्तात टिकतं. एकाच जंतूच्या वसाहतीत दोन्ही रूपं सतत तयार होत असतात. फॉस्फोरिलकोलीन धरतं ते आपल्या पेशींवरच्या पीएएफ नावाच्या रिसेप्टरला, आणि शरीरात कुठे दाह झाला की पेशी नेमका हाच रिसेप्टर वाढवतात. सीबीपीए नावाचं दुसरं प्रथिन तर प्रतिपिंडं बाहेर आणून सोडणाऱ्या रिसेप्टरलाच धरून उलट्या दिशेने पेशीत शिरतं.

मग काहींनाच न्यूमोनिया होतो तो का? वय, कुपोषण, धूर, आणि त्या आठवड्यात दुसरा कुठला विषाणू येऊन गेलाय का, यावरून. पीसीव्ही ही न्यूमोकोकसची लस त्याच्या आवरणाविरुद्ध आहे. भारतात ती 2017 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे; 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने असे तीन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली न्यूमोसिल 10 प्रकारांवर चालते. ही लस घेतलेल्या मुलांच्या नाकात लशीतले प्रकार बसेनासे होतात, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांनाही संरक्षण मिळतं.

आधी फ्लू झाला, बरं वाटायला लागलं, आणि मग न्यूमोनिया. असं का होतं?

फ्लूचा विषाणू सिलियाच्या पेशी मारतो आणि खालचा थर उघडा पाडतो. तिथे फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिनं असतात, जी एरवी झाकलेली असतात आणि जी धरायला न्यूमोकोकस आणि स्टॅफिलोकोकस नावाचा दुसरा जिवाणू दोघेही तयार असतात. शिवाय फ्लूच्या विषाणूचं न्यूरामिनिडेज हे एन्झाइम पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकाचं सायलिक आम्ल कापून टाकतं. त्याने लपलेले रिसेप्टर उघडे पडतात, आणि कापलेलं सायलिक आम्ल न्यूमोकोकसला खायलाही मिळतं.

1918च्या साथीत हे प्रचंड प्रमाणावर घडलं. त्या वर्षी जूनमध्ये साथ मुंबईत शिरली, पावसाळ्यानंतर दुसरी लाट त्याहून भयंकर आली, आणि देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असा अंदाज आहे. त्या साथीत दगावलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने डेव्हिड मॉरेन्स, जेफ्री टॉबेनबर्गर आणि अँथनी फाउची यांनी पुन्हा तपासले आणि 2008 मध्ये निष्कर्ष मांडला: बहुसंख्य मृत्यूंमागे नंतर आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती.

म्हणून फ्लूनंतर दोन-तीन दिवस बरं वाटून पुन्हा थंडी वाजून ताप आला, छातीत टोचलं, कफ गंजाच्या रंगाचा पडला, तर ते 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका.

धुराचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. सिगारेटच्या धुराने सिलिया मंदावतात आणि कफ वाढतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट ही की सिगारेटचा धूर आणि हवेतले सूक्ष्म कण श्वासमार्गाच्या पेशींवर पीएएफ रिसेप्टर वाढवतात, म्हणजे न्यूमोकोकसला धरायला जास्त जागा मिळते. लंडनमधल्या संशोधकांनी पेशींवर हे दाखवलं आहे. वेल्डिंगच्या धुराचंही तेच. वेल्डरांना न्यूमोनिया जास्त होतो हे जुनं निरीक्षण आहे, आणि ब्रिटनमध्ये वेल्डरांना न्यूमोकोकसची लस घेण्याचा सल्ला दिला जातो. भोसरीत, चाकणला, वाळूजला दिवसभर वेल्डिंग करणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितलं असेल?

चुलीपाशी पाठीवर किंवा मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आईच्या बाळालाही हाच धोका. गॅस असूनही पाणी तापवायला चूल पेटतेच. निदान बाळ तेवढा वेळ बाहेर असावं.

'चालता-बोलता न्यूमोनिया' म्हणजे काय?

मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए या जंतूमुळे होणारा. रुग्ण हिंडताफिरता असतो, शाळेत-ऑफिसात जातो, पण कोरडा खोकला थांबत नाही आणि एक्स-रेत न्यूमोनिया दिसतो. याच्या एका टोकाला पकडीसाठीच बनलेला भाग असतो, त्यावर पी1 नावाचं अ‍ॅडहेसिन. त्या टोकाने तो पेशीला धरतो आणि तिच्यावरून सरकतही जातो. याला पेशीभित्तिकाच नाही, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधं याच्यावर निरुपयोगी ठरतात.

टीबीचा जंतूही असाच चिकटतो का?

नाही. तो इतक्या बारीक थेंबांतून येतो की थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि तो त्यांच्या पोटातच राहतो. त्याची गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

जंतूला चिकटूच न देणारं औषध मिळतं का?

दुकानात जाऊन घ्यावं असं श्वासमार्गासाठी काही नाही. जवळ जाणाऱ्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. फिनलंडमधल्या औलू शहरात मात्ती उहारी आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात पाळणाघरातल्या मुलांना दिवसातून पाच वेळा झायलिटॉल साखरेचं च्युइंग गम दिलं; कानाचे संसर्ग सुमारे 40 टक्क्यांनी घटले. प्रयोगशाळेत झायलिटॉलमुळे न्यूमोकोकसची पेशींवरची पकड कमी होते. पण दिवसातून पाच वेळा, महिनोन्महिने, हे कोणत्या घरात जमणार? (आणि घरात कुत्रा असेल तर सांभाळा, झायलिटॉल त्याच्यासाठी जीवघेणं आहे.)

दुसरी गोष्ट फुकट आहे: आईचं दूध. त्यातल्या साखरेच्या साखळ्या पेशींवरच्या साखळ्यांसारख्याच असतात, आणि जंतू त्यांनाच धरून बसतात. घशाच्या पेशींना न्यूमोकोकस चिकटण्यावर दुधाचा हा परिणाम स्वीडिश संशोधकांनी 1986 मध्ये दाखवला.

मिठाच्या गुळण्या, वाफ, हळद-दूध, मध?

गुळण्यांनी घशाला आराम पडतो. चिकटलेला जंतू त्याने सुटत नाही. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचाही नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. हळद-दूध आवडत असेल तर प्या. वाफेचं भांडं लहान मुलांच्या जवळ नकोच. भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात.

कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणार ना?

नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एन्झाइमचा. विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड हिरवा होतो.

घशाच्या स्वॅबमध्ये जंतू सापडला, पण डॉक्टर म्हणतात औषध नको. हे बरोबर आहे?

बरेचदा बरोबर असतं. घशात जंतू राहणं आणि त्याने आजार होणं यात फरक आहे. साधारण तीस टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो, त्यांना काही होत नाही. अपवाद आहे तो ए गटाच्या स्ट्रेप्टोकोकसचा. ताप, गिळताना दुखणं, मानेच्या गाठी, आणि खोकला किंवा सर्दी मात्र नाही, असं चित्र असून तो सापडला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण 10 दिवस घ्यायचं, घसा तिसऱ्या दिवशी बरा वाटला तरी. यातून पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि आपल्याकडे असे तरुण रुग्ण अजून पाहायला मिळतात.

मुलाला दवाखान्यात कधी न्यायचं?

घड्याळ घ्या, मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असेल तर लगेच न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, मूल दूध पीत नसेल किंवा सुस्त असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही.

आणि शाळेत परत कधी पाठवायचं?

डांग्या खोकल्यात योग्य अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर. औषध घेतलंच नसेल तर उबळ सुरू झाल्यापासून तीन आठवडे घरी. खोकला तेव्हाही चालू असेलच, पण तो लागणारा नाही. तसं वर्गशिक्षकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवा, म्हणजे मुलाला पहिल्याच उबळीला परत घरी धाडणार नाहीत.